अडीच तास ती एकटी काय सांगत असते?

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा भरतनाट्यमचा रंगप्रवेश झाला. कार्यक्रम आटोपून आम्ही बेळगावातल्या वडगावला घरी निघालो. रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. शहापूर मागं पडल्यावर म्हणाली, "सगळं ब्येस झालं. पण पोरगी अडीच तास एकटी काय सांगालती गे?"

नऊ वर्षं मी त्या मुलीला क्लासला सोडत-आणत होते. बाहेरच्या पायरीवर बसून तिच्या पायांचा आवाज ऐकत होते. पण आईला धड चार वाक्यांत उत्तर देता येईना. आई भजनी मंडळात गाते, भूप आणि भैरवी कानानं ओळखते. तिचा उभा जन्म मागाशेजारी बसून कांड्या भरण्यात गेलाय, तेव्हा लय म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको. तरी त्या रात्री तिच्या हाती फार थोडं लागलं. दोष तिचा नव्हता. आम्ही कुणी तिला आधी काही सांगितलंच नव्हतं.

पुढचे दोन महिने मी भाचीला, तिच्या टीचरना आणि मृदंग वाजवायला आलेल्या विद्वानांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. आईसाठी जे गोळा झालं, ते इथं मांडते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडं आता मराठी घरांतल्या मुली हे नृत्य शिकतात. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी छापलेली रंगप्रवेशाची पत्रिका कधी ना कधी आपल्या घरी येते. जायचं तर समजून जावं.

आधी शब्द. तमिळमध्ये या कार्यक्रमाला 'अरंगेट्रम' म्हणतात. अरंगु म्हणजे रंगमंच, एट्रम म्हणजे चढणं. कर्नाटकात त्यालाच रंगप्रवेश म्हणतात, आणि तो शब्द आपल्याला उलगडून सांगावा लागत नाही. शिष्या पहिल्यांदा एकटीनं, जिवंत वाद्यवृंदासह, पूर्ण कार्यक्रम सादर करते. प्रथा फार जुनी आहे. 'सिलप्पदिकारम' या प्राचीन तमिळ महाकाव्यात माधवी नावाच्या नर्तकीच्या अरंगेट्रमवर एक अख्खं प्रकरण आहे. पाचव्या वर्षापासून सात वर्षं शिकून, बाराव्या वर्षी ती चोळ राजासमोर उभी राहते. तिथं नुसता नाच नाही, तर गुरू कसा असावा, गायक, मृदंगवादक, बासरीवादक कसे असावेत, रंगमंच किती लांब-रुंद असावा, हेही सांगितलंय. म्हणजे परीक्षा त्या काळीही एकट्या मुलीची नव्हती, तिच्याभोवतीच्या सगळ्या विद्येची होती.

रंगप्रवेशाच्या आधी, बहुतेक ठिकाणी काही वर्षं आधी, गेज्जेपूजा होते. गेज्जे म्हणजे घुंगरू. पूजेनंतर गुरूच्या हातून ते घुंगरू मिळतात आणि तिथून पुढं मुलगी ते बांधून नाचते. आपल्याकडं या घुंगरांना चाळ म्हणतात, आणि तिथंच आईचं एक जुनं कोडं होतं. भाची पहिल्यांदा क्लासला गेली तेव्हा आई माझ्या बहिणीला म्हणाली होती, "आक्का, पोरीच्या पायांत चाळ बांधणार काय?" त्या वाक्यात जे भय होतं, त्याकडं मी पुढं येते. ते टाळून भरतनाट्यम समजत नाही.

आता नाचाकडं. पहिली गोष्ट पाहायची ती गुडघे. टाचा जवळ, पावलं बाहेर वळलेली, गुडघे दोन्ही बाजूंना उघडलेले आणि पाठ मात्र ताठ. अर्ध्या बैठकीच्या या अवस्थेला अरमंडी म्हणतात. नर्तकी बराच वेळ अशीच असते. आपण अशा बैठकीत दोन मिनिटं उभं राहून बघावं, मांड्या थरथरायला लागतात. मी घरी करून पाहिलं, मिनिटभरात भिंत धरली. समोरून पाहिलं तर अरमंडीत शरीराचे त्रिकोण दिसतात: एक कमरेखाली गुडघ्यांपासून टाचांपर्यंत, दुसरा छातीसमोर दुमडलेल्या हातांचा. हे त्रिकोण वेगात मोडले नाहीत तर समजावं, पाया पक्का आहे. क्लासमध्ये टीचर सगळ्यात जास्त वेळा काय ओरडतात, तर "बस, बस!" म्हणजे अरमंडीत बस.

या बैठकीवर अडवू बसवलेले असतात. अडवू म्हणजे पाय, हात, मान आणि नजर यांची मिळून झालेली एक छोटी हालचाल. आपल्या बाराखडीसारखंच ते. पहिला धडा तट्टडवू, नुसते पाय आपटायचे, बोल 'तैया तै'. मग त्यात हात येतात, बाजू येते, उडी येते, गिरकी येते. प्रत्येक अडवू तीन लयींत करायचा: पहिलीत जेवढ्या वेळात एक, दुसरीत तेवढ्याच वेळात दोन, तिसरीत चार. लय वाढली म्हणून हात अर्धवट टाकला की टीचर थांबवतात. पहिली दोन-तीन वर्षं एवढंच. पुष्कळ मुली इथंच कंटाळून सोडतात आणि पुष्कळ आया विचारतात, "गाण्यावर नाच कधी शिकवणार?" मीही विचारलं होतं.

तालाशी मात्र आपलं जुनं नातं आहे. बेळगाव हिंदुस्थानी संगीताचं गाव. कुमार गंधर्वांचा जन्म इथून जवळच्या सुळेभावीचा. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली जाईपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळं नाट्यसंगीत, तबला, पेटी हे आमच्या कानाला घरचं. मृदंग, वीणा आणि कर्नाटक संगीत तसं दूरचं वाटतं. पण दूर आहेत ती फक्त नावं.

तीनतालाच्या सोळा मात्रा आपण टाळी-खालीनं मोजतो. भरतनाट्यममध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा आदिताल आठ मात्रांचा आहे आणि तो हातावर असा मोजतात: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. चार, दोन, दोन. प्रेक्षागृहात पहिल्या रांगेतले जाणकार मांडीवर हेच करत असतात. आईला एकदा दाखवलं, तिसऱ्या आवर्तनाला तिचा हात बरोबर पडायला लागला.

खरी गंमत बोलांच्या बांधणीत आहे. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला वादक बसतात. त्यांत लहान झांजेची जोडी घेऊन बसतात ते नट्टुवनार, म्हणजे बहुधा नर्तकीचे गुरूच. तोंडानं ते 'तक धिमी तक जुनु' असे बोल म्हणतात, हातानं झांज वाजवतात आणि डोळे शिष्येच्या पायांवर असतात. या बोलांच्या एका सलग तुकड्याला जती म्हणतात. तो कसा बांधतात, ते मृदंगवाल्या विद्वानांनी मला कागदावर काढून दाखवलं. आठ मात्रा, प्रत्येक मात्रेत चार अक्षरं, म्हणजे एका आवर्तनात ३२. जतीचा शेवट आपल्या तिहाईसारखा तीनदा येतो. समजा, शेवटचा बोल आहे 'तदिंगिणतोम': त, दिं, गि, ण, तोम, अक्षरं पाच. पाच त्रिक पंधरा. उरली सतरा. आता ही सतरा अक्षरं चार, चार, चार आणि पाच अशी भरायची. कानाला चाराची सवय लागलेली असते, तोच पाचाचे गट सुरू होतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ताल सुटला. आणि तीनदा 'तदिंगिणतोम' म्हणून झालं की बरोबर पुढच्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पाय, झांज आणि मृदंग एकदम पडतात. एक अक्षर कमी-जास्त झालं तरी सम हातची जाते. नर्तकी हे मोजत मोजत नाचत नाही. तिच्या अंगात ते मुरलेलं असतं, कांडी कधी भरत आली हे आईच्या हाताला जसं न बघता कळायचं, तसं.

रागांच्या बाबतीत तर अडचण नुसती पाटीची आहे. त्यांचा मोहनम म्हणजे साधारण आपला भूप. हिंदोलम ऐकला की मालकंस आठवतो. कल्याणी यमनाच्या जवळची, शंकराभरण बिलावलाच्या स्वरांचा, मायामालवगौळ भैरवाच्या. नावानं फसवते ती तोडी: त्यांची तोडी आपल्या भैरवीचे स्वर घेते, आपल्या तोडीचे नाही. गमक वेगळे, स्वर हलवण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळं हुबेहूब तेच असं कुणी म्हणू नये. पण अनोळखी गावात ओळखीचा माणूस भेटावा, इतकी सोबत नक्की होते.

आता कार्यक्रमाचा क्रम. याला मार्गम म्हणतात. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. पहिला अलारिप्पू, अलारिप्पू म्हणजे उमलणं. गाणं नाही, शब्द नाही, नुसते बोल आणि मृदंग. आधी डोळे हलतात, मग मान, मग खांदे, मग हात, शेवटी सगळं शरीर. तीन-चार मिनिटांत संपतो, म्हणून लोक तेवढ्यात जागा शोधत फिरतात. तसं करू नये, कारण शरीर एकेक अवयवानं जागं होताना पुन्हा दिसत नाही. दुसरा जतिस्वरम: बोलांत आता स्वर मिसळले, पण शब्द अजून नाहीत. तिसरा शब्दम: इथं पहिल्यांदा अर्थ येतो, एखाद्या देवाची स्तुती किंवा गोष्ट. चौथं वर्णम, त्यात हे सगळं एकत्र. मध्यंतरानंतर पदम आणि जावळी, इथं पाय जवळजवळ थांबतात आणि चेहरा बोलतो. शेवटी तिल्लाना, म्हणजे आपल्या तराण्याचा सख्खा भाऊ, पुन्हा शुद्ध लय. मग मंगलम.

पत्रिकेवर ही यादी वाचली तर वेगवेगळे सात नाच वाटतात. मला उशिरा कळलं ते हे, की तो एकच प्रवास आहे. पहिल्या तीन पायऱ्यांवर दर वेळी एकेक गोष्ट वाढत जाते: शरीर, मग स्वर, मग शब्द. चौथ्या पायरीवर सगळं ओझं एकदम खांद्यावर येतं. ते पेललं की मग एकेक उतरवत न्यायचं.

चौथी पायरी, वर्णम, हा रंगप्रवेशाचा गाभा. तीस ते पंचेचाळीस मिनिटं, मध्ये थांबायचं नाही. आईला झोप आली ती इथंच, म्हणून इथं जरा जास्त थांबते.

वर्णमात गाण्याच्या ओळी थोड्याच असतात. भाचीच्या वर्णमात नायिका सखीला विनवते: जा, त्याला घेऊन ये, मला आता राहवत नाही. गोष्ट एवढीच, पुढं काही घडत नाही. सुरुवातीला मोठी जती येते, तिन्ही लयींत, तिला त्रिकाल जती म्हणतात. मग गायिका पहिली ओळ गाते. पुन्हा तीच गाते. पुन्हा तीच. आईला वाटलं, गाणं अडकलं. पण दर वेळी नर्तकी त्या ओळीचा निराळा अर्थ दाखवत असते. पहिल्यांदा शब्दाला शब्द: सखी, ये, ऐक. दुसऱ्यांदा चंद्राचं शीतळ चांदणं अंगाला पोळतंय. तिसऱ्यांदा मदन पाच फुलांचे बाण एकेक करून सोडतोय, आणि बाण सोडणाराही तीच, लागलेलीही तीच. एका ओळीचा असा विस्तार करण्याला संचारी म्हणतात. आपले कीर्तनकार बुवा अभंगाचं एक चरण घेऊन पाऊण तास निरूपण करतात, तेच हे. फक्त बुवा तोंडानं सांगतात, ही हातांनी आणि डोळ्यांनी. आईला ही तुलना दिली तेव्हा तिचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं न्हवं काय!" म्हणाली.

दर ओळीनंतर भाव एका क्षणात बाजूला ठेवून नर्तकी जतीत शिरते. आत्ता डोळ्यांत पाणी होतं, आता पाय विजेसारखे. जती समेवर टाकली की पुन्हा तीच विरहिणी. वर्णमाचा उत्तरार्ध, चरणम, यात तर स्वर आणि शब्द भराभर आलटून पालटून येतात. चेहरा आणि पाय ही दोन घड्याळं आहेत असं समजा. वर्णमात ती दोन्ही एकाच वेळी बरोबर चालवायची, ती पाऊण तास, श्वास फुललेला असताना, आणि फुललेला श्वास दिसू न देता.

इथंच भाची चुकली. मला कळलं नव्हतं, तिनंच आठवड्यानं सांगितलं. तिसऱ्या जतीत एका ठिकाणी तिचं डोकं कोरं पडलं आणि एक तुकडा गळला. ती समेवर आली, पण एक आवर्तन आधीच. टीचरनी झांज न थांबवता गायिकेकडं पाहिलं, गायिकेनं ओळ लगेच उचलली आणि ठरलेल्यापेक्षा दोनदा जास्त गायली. तेवढ्यात भाचीचा श्वास खाली बसला, तिनं चांदण्याची संचारी जरा लांबवली आणि गाडी पुन्हा रुळावर. सभागृहात पाच-सहा जणांना समजलं असेल. हे ऐकल्यापासून मला कळतंय, की जिवंत साथ का लागते. ध्वनिमुद्रित गाणं असतं तर ते पुढं निघून गेलं असतं आणि पोर मागं एकटी राहिली असती. रंगप्रवेशात नर्तकी एकटी दिसते. पण चार-पाच माणसं डोळ्यांत तेल घालून तिला धरून असतात.

पदम हे माझं सगळ्यात आवडतं. वाद्यं मंदावतात, नर्तकी कधी कधी बसूनच असते. कर्नाटकात या जागी हरिदास संतांची कन्नड पदं हमखास घेतात, आणि आपल्या सीमेवरच्या माणसाला ती आधी कळतात, मग तमिळ-तेलुगू रचना. पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी नाममुद्रा असते. आमच्या भजनी मंडळाच्या आईला विठ्ठल ऐकू आला की तो कुठल्या भाषेत आला याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. भाचीनं घेतलं होतं व्यासरायांचं 'कृष्णा नी बेगने बारो', कृष्णा, तू लवकर ये. विसाव्या शतकात बालसरस्वती या थोर नर्तकीच्या अभिनयानं हे पद जगभर गाजलं. शब्द साधे: लवकर ये, तोंड दाखव. पण एकटी बाई हे दाखवते कसं? ती यशोदा असताना नजर खाली असते, दीड-दोन फूट उंचीच्या पोरावर. मग खांदा किंचित वळवते, नजर वर जाते, ओठ खट्याळ होतात, आणि ती कृष्ण झालेली असते. त्या नजरेच्या उंचीवर लक्ष ठेवा, मंचावर नसलेलं पोर दिसायला लागतं. जुनं सूत्र असं, की जिथं हात तिथं नजर, जिथं नजर तिथं मन, जिथं मन तिथं भाव, आणि जिथं भाव तिथं रस. नंदिकेश्वरांच्या 'अभिनयदर्पणा'त ते आहे. त्याच ग्रंथात एका हाताच्या २८ आणि दोन्ही हातांच्या २४ मुद्रा दिल्यात. प्रेक्षकानं त्या पाठ करायची गरज नाही. तीच पताका, म्हणजे सरळ उघडा पंजा, कुठं ढग असतो, कुठं नदी, कुठं "नको" म्हणणं. अर्थ संदर्भातून कळतो, शब्दासारखाच. पदाच्या शेवटी कृष्ण तोंड उघडून आईला विश्व दाखवतो. भाचीनं तिथं काही केलं नाही, नुसती बघत राहिली. पापणी लवली नाही. त्या वेळी आई जागी होती, मी पाहिलं.

आता चाळांची गोष्ट.

आमच्या जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. देवीला मुली सोडण्याची प्रथा इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलीय. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध १९३४ साली कायदा झाला, तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होतं. कर्नाटकानं १९८२ साली आपला कायदा केला. त्यामुळं देवदासी हा शब्द ऐकला की आमच्याकडच्या बायकांच्या डोळ्यांसमोर पिळवणूक येते, विद्या येत नाही. चाळ बांधणं म्हणजे तमाशाचा फड किंवा त्याहून वाईट, असं आईच्या पिढीनं गृहीत धरलेलं.

भरतनाट्यम देवदासींच्याच हातून आलंय. तेव्हा त्याला सदिर म्हणत. तमिळ मुलखातल्या देवदासी घराण्यांमधल्या बायका मंदिरात आणि दरबारात नाचत. त्यांना संगीत येई, तेलुगू-संस्कृत काव्य येई, त्या काळच्या चारचौघी घरंदाज बायकांना येत नसे ते लिहिणं-वाचणं येई. आणि त्याच व्यवस्थेत त्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या मर्जीवर होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवायला जड जातं, पण एक सांगून दुसरी लपवणं मला प्रामाणिक वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून या नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी देवदासी प्रथा बंद व्हावी म्हणून आयुष्य वेचलं आणि १९४७ साली मद्रासमध्ये कायदा झाला. त्याच काळात ई. कृष्ण अय्यर यांच्यासारखे लोक म्हणत होते, प्रथा जावी पण कला राहावी. १९३० च्या दशकात भरतनाट्यम हे नाव रुळलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण घरातल्या बाईंनी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडं शिकून १९३५ साली लोकांसमोर नाच केला आणि १९३६ साली कलाक्षेत्र ही संस्था काढली. तिथून मध्यमवर्गीय घरांची दारं उघडली. त्याआधी दहा वर्षं, १९२५ साली, देवदासी घराण्यातल्या सात वर्षांच्या बालसरस्वतीनं कांचीपुरमच्या कामाक्षी मंदिरात आपलं अरंगेट्रम केलं होतं. पण नाच जसजसा प्रतिष्ठित झाला, तसतशा त्या घराण्यांतल्या पुष्कळ बायका मंचावरून दिसेनाशा झाल्या. आज आपल्या मुलींना जे मिळालंय ते कुणाच्या तरी हातून निसटलेलं आहे, हे मुलींना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या कर्नाटकात म्हैसूर दरबाराची स्वतःची शैली होती, अभिनयासाठी नावाजलेली. जट्टी तायम्मा तिथल्या, आणि त्यांच्या शिष्या के. वेंकटलक्षम्मा. वेंकटलक्षम्मा लमाणी तांड्यात जन्मल्या, राजनर्तकी झाल्या आणि १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आणि जे ऐकून आई ताडकन सरळ बसली, ते आता. अलारिप्पू ते तिल्लाना हा मार्गम आज ज्या रूपात आहे, तो बसवला तंजावरच्या चार भावांनी: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते तंजावर दरबारात होते. तो दरबार कुणाचा? भोसल्यांचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तिथं राज्य स्थापलं. त्यांच्या वंशातले दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२ या काळातले राजे, विद्येचे मोठे भोक्ते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवलाय. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांच्यामुळं समृद्ध झालं. त्यांच्या दरबारात नाचासाठी मराठीत रचना झाल्या; त्यांना 'निरूपण' म्हणत, एकच राग, एकच ताल आणि अठरा भागांत गुंफलेली एक कथा. त्या भागांची नावं बघा: अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना. पुढं चौघांपैकी चिन्नय्या म्हैसूर दरबारात गेले, वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांकडं. गुरू तमिळ, रचना तेलुगू, राजा मराठी, पुढची वाट कन्नड मुलखातून. म्हणून कुणी "हे त्यांचं, आपलं नव्हे" म्हणालं की मला पटत नाही. हे आपलंच, असंही मी म्हणणार नाही. घडवलं ते त्या गुरूंनी आणि त्या बायकांनी. आपल्या भाषेच्या राजानं आपल्या भाषेसह त्यात वाटा उचलला, आणि तो वाटा आपल्याला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

खर्चाबद्दल लोक हमखास विचारतात. सभागृह, बेंगळुरूहून येणारे वादक, कांचीपुरम रेशमाचे दोन-तीन शिवलेले पोशाख, दागिने, प्रकाशयोजना, जेवण. लग्नासारखा खर्च होऊ शकतो, आणि काही घरं तो कर्ज काढून करतात. मला ते अजिबात योग्य वाटत नाही. नर्तकीला खरोखर लागतं ते तीन: लाकडी किंवा सपाट जमीन, जिवंत साथ आणि बघणारी माणसं. मंदिराच्या सभामंडपात ते होतं. बहिणीनं दागिने भाड्यानं आणले, माथ्यावरचे सूर्य-चंद्रसुद्धा, आणि पोशाख एकच शिवला. काही अडलं नाही. रंगप्रवेश केला नाही म्हणून शिक्षण अपुरं राहतं असंही नाही. सीमाभागातल्या मुली तर दोन्हीकडच्या परीक्षा देतात, कर्नाटकच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत. एकीकडं कन्नडमध्ये उत्तरं, दुसरीकडं मराठीत. भाचीनं अष्टनायिका, म्हणजे नायिकेचे आठ प्रकार, दोन्ही भाषांत पाठ केल्या होत्या.

तुम्ही जाल तेव्हा पाय दिसतील अशा जागी बसा. अगदी पहिल्या रांगेतून मंच उंच असला तर पाय दिसत नाहीत. वर्णम सुरू असताना उठू नका. जती समेवर पडली की टाळी द्यायला हरकत नाही, संचारी चालू असताना मात्र नको. निवेदक आधी गोष्ट सांगतात ती ऐका, निम्मं काम तिथंच होतं. आणि मध्यंतरात चहा घेऊन घरी निघू नका, पदम नंतर असतं.

परवा आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या मुलीच्या रंगप्रवेशाची पत्रिका आली. आईनं चष्मा लावून मराठी बाजू वाचली, मग उलटून कन्नड बाजू वाचली.

"हिचं ते मोठं, वर्णम, कुठल्या रागात हाय गे?"

"मोहनम लिहिलंय, आई."

"म्हंजे भूप," ती म्हणाली, आणि पत्रिका देवघराशेजारी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवली.